रेषा बोलते म्हणजे नेमकं काय होतं?

चित्रकलेवरच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "या चित्रकाराची रेषा अत्यंत अभिव्यक्तिशील आहे." वर्तमानपत्रातल्या समीक्षेत तेच 'बोलकी रेषा' किंवा 'रेषेतून उमटलेलं मन' अशा रूपात येतं. वाक्य खोटं नसतं, पण त्याच्या पुढे जाता येत नाही. गाईडनी "म्हणजे काय?" असं विचारलं की आपण उत्कट, जिवंत, प्रवाही असे आणखी चार शब्द देतो. हे सगळे शब्द चित्र बघताना आपल्याला काय वाटलं ते सांगतात. कागदावर काय घडलं, ते त्यातून कळत नाही.

आजच्या लेखात या शब्दाच्या मागे काय आहे ते बघू. त्यासाठी साधारण 1890 ते 1918 हा काळ आणि पॅरिस, ड्रेस्डेन, व्हिएन्ना ही तीन शहरं पुरेशी आहेत, कारण आधुनिक मानवाकृती रेखाटनातली 'बोलकी रेषा' घडताना तिथे बघता येते. माझं म्हणणं आधीच सांगते. ही रेषा म्हणजे मनातून थेट कागदावर सांडलेली भावना नव्हे. ती काम करण्याच्या काही ठरावीक पद्धतींतून आली, आणि त्या पद्धती शोधता येतात, तपासता येतात. संशोधनाचा प्रश्न तिथे सुरू होतो.

आधीची रेषा

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अकादमीत रेषेचं काम मर्यादित होतं. ती शरीराची हद्द आखायची. शरीराला वजन आणि गोलाई द्यायची ती छायाप्रकाशाने. विद्यार्थी आधी छापील नमुन्यांवरून, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि शेवटी जिवंत मॉडेलवरून शिकत असे. शार्ल बार्ग आणि जाँ-लेआँ जेरोम यांचा रेखाटनाचा अभ्यासक्रम पॅरिसच्या गूपिल या प्रकाशनाने 1866 ते 1871 दरम्यान काढला. त्यात 197 शिळाछापील पाटे होते आणि विद्यार्थ्याने ते जसेच्या तसे उतरवायचे होते. व्हॅन गॉगनेही त्यांच्या नकला केल्या.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. आधी हलकी बाह्यरेषा, मग प्रमाण तपासायचं, मग शेडिंग, आणि कच्च्या रेषा शेवटी खोडून टाकायच्या. या पद्धतीत चांगली रेषा म्हणजे शेवटी स्वतः दिसेनाशी होणारी रेषा. हात कुठे थांबला, कुठे चुकला, कुठे घाईत पळाला, याच्या खुणा उरू द्यायच्या नाहीत.

बोलक्या रेषेचा इतिहास म्हणजे या खुणा न पुसण्याचा इतिहास, असं ढोबळपणे म्हणता येईल. पण खुणा ठेवायच्या, हाही एक निर्णयच असतो. सगळ्यात सुटसुटीत उदाहरण आहे रोदँचं.

रोदँ: दुसऱ्यांदा काढलेली उत्स्फूर्त रेषा

ऑग्युस्त रोदँ आपल्याला शिल्पकार म्हणून माहीत असतो. पण त्याची हजारो रेखाटनं आहेत, आणि 1890च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याने ती वेगळ्याच रीतीने काढली. मॉडेलला तो एका पोझमध्ये बसवून ठेवत नसे. ती स्टुडिओत वावरायची, वळायची, वाकायची. आणि रोदँ कागदाकडे न बघता, नजर तिच्यावरच ठेवून पेन्सिल चालवायचा.

याचा परिणाम अगदी यांत्रिक आहे. डोळा कागदावर नसला की हाताला प्रमाण तपासता येत नाही. हात लांब होतो, पाय कागदाबाहेर जातो, पाठीची रेषा दोनदा येते. अकादमीने ज्यांना चुका म्हटलं असतं, त्याच इथे गतीच्या खुणा झाल्या.

गंमत पुढे आहे. यातली बरीच रेखाटनं पहिल्या फटक्यातली नाहीत. रोदँ पहिल्या रेखाटनावर दुसरा कागद ठेवून त्यातल्या हव्या त्या रेषा उतरवून घ्यायचा, नको त्या गाळायचा, आणि त्यावर जलरंगाचा सपाट हात फिरवायचा. म्हणजे ज्या रेषेकडे बोट दाखवून आपण 'क्षणात उमटलेली' म्हणतो, ती कित्येकदा निवडून, गाळून, पुन्हा काढलेली असते. ही रेषा खोटी आहे असा याचा अर्थ नाही. उत्स्फूर्त दिसणं आणि उत्स्फूर्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच यातून कळतं.

याचा आणखी एक पुरावा म्हणजे बनावट रेखाटनं. अर्न्स्ट ड्यूरिग नावाच्या माणसाने, आपण रोदँचा शिष्य असल्याचं सांगत, रोदँच्या नावावर कितीतरी रेखाटनं खपवली. ती मोठ्या संग्रहांमध्येही पोहोचली. 1971 साली वॉशिंग्टनमध्ये रोदँच्या खऱ्या आणि खोट्या रेखाटनांचं एक प्रदर्शनच भरलं. आता विचार करा, रेषा जर थेट आत्म्याचा ठसा असती, तर तिची नक्कल इतकी वर्षं चालली असती का? नक्कल चालली ती दिसण्यावर, आणि उघडी पडली ती रेखाटनं बारकाईने शेजारी ठेवून बघितल्यावर.

ड्रेस्डेन: पंधरा मिनिटांची पोझ

1905च्या जूनमध्ये ड्रेस्डेनला वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी 'ब्रुके' म्हणजे 'पूल' नावाचा गट काढला: किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लाइल. त्यांच्या रेखाटनाच्या सरावाला नाव होतं 'पाव तासाचं नग्नचित्र'. मॉडेल दर पंधरा मिनिटांनी पोझ बदलणार. अकादमीत एकच पोझ दिवसेंदिवस चालायची. इथे पाव तासात पोझ संपणार, म्हणजे छटा भरायला वेळच नाही. शरीराचा जोर, तोल, वळण, सगळं रेषेवर येऊन पडतं.

म्हणजे वेळ हे इथे साधन आहे, पेन्सिल किंवा शाईइतकंच. रेषा तुटक, टोकदार, घाईची दिसते, कारण ती खरोखर घाईत काढलेली आहे. आणि ही घाई मुद्दाम ठरवून घेतलेली आहे.

किर्शनरच्या बाबतीत संशोधकाला आणखी एक सावधगिरी लागते. 1920 साली त्याच्या रेखाटनांवर लुई द मार्साल या नावाने एक लेख छापून आला. पहिल्या दृष्टीची धुंदी रेषेत कशी उतरते, अशा अर्थाची स्तुती त्यात होती. हा मार्साल म्हणजे खुद्द किर्शनर. आपल्याबद्दल लिहायला त्याने एक फ्रेंच समीक्षक बनवला, वर्षानुवर्षं वापरला, आणि 1933च्या बर्नमधल्या प्रदर्शनाच्या वेळी त्याला कागदोपत्री मारूनही टाकलं. शिवाय आपली काही चित्रं आधीची वाटावीत म्हणून त्याने त्यांवर मागच्या तारखा घातल्या. तेव्हा 'उत्कट रेषा' हा शब्द आपण समीक्षेतून उचलतो, तेव्हा तो कोणी आणि कशासाठी घडवला, हेही बघावं लागतं. इथे तो चित्रकाराच्याच दुकानातला माल होता.

शीले: दगा देणारी सोपी गोष्ट

आता एगॉन शीले. बोलक्या रेषेचं उदाहरण द्या म्हटलं की बहुतेक जण याचं नाव घेतात. जन्म 1890, सोळाव्या वर्षी व्हिएन्नाच्या अकादमीत प्रवेश, ग्रीपेनकेर्ल या जुन्या वळणाच्या शिक्षकाशी खटके, 1909 मध्ये अकादमीला रामराम. क्लिम्टची ओळख त्याआधीच झालेली. 1910 पासून त्याची रेषा क्लिम्टच्या लयदार वळणांपासून दूर जाते. कोपर, बरगड्या, बोटांची पेरं टोकदार होतात. 1918च्या ऑक्टोबरअखेर स्पॅनिश फ्लूने मृत्यू, वय फक्त 28.

असं आयुष्य समोर असलं की गोष्ट आपोआप तयार होते: छळलेला माणूस, म्हणून छळलेली रेषा. ही गोष्ट तीन ठिकाणी तपासून बघू.

पहिलं, तो काम कसं करायचा. हाइनरिक बेनेश हे रेल्वेतले अधिकारी त्याची रेखाटनं जमवायचे आणि त्यांनी त्याला काम करताना बघितलं होतं. त्यांच्या आठवणींनुसार शीले बुटक्या स्टुलावर बसून, बोर्ड मांडीवर घेऊन, वेगाने काढायचा. खोडरबर वापरायचा नाही. रेषा चुकली तर कागद बाजूला. रंग नंतर, मॉडेल निघून गेल्यावर, आठवणीतून भरायचा. बेनेश त्याचे चाहते होते, तेव्हा हे वर्णनही जपून घ्यायला हवं. पण कागद त्यांच्या बाजूने साक्ष देतात, खोडल्याच्या खुणा फारशा सापडत नाहीत. रेषा आणि रंग यांच्या मधे वेळ गेलेला आहे, हे कळलं की त्या हिरव्या-लाल डागांना 'त्या क्षणाची वेदना' म्हणणं अवघड होतं.

याच कामाचा आणखी एक भाग आहे गाळण्याचा. मॉडेल गादीवर आडवी असते, शीले तिला वरून बघून काढतो, पण गादी, खुर्ची, जमीन यांपैकी काहीच काढत नाही. पुष्कळदा सही अशी करतो की आडवं शरीर उभं बघावं लागतं. आधार नाहीसा झाला की आरामात टेकलेला हात हवेत ताठ राहिल्यासारखा दिसतो. आपल्याला जाणवणारा ताण निदान काही अंशी असा येतो. मॉडेल अवघडलेली नसेलही. आपण तिची गादी काढून घेतलेली बघतोय.

दुसरं, तुरुंग. 1912च्या एप्रिलमध्ये शीलेला व्हिएन्नाजवळच्या नॉयलेंगबाख गावी अटक झाली. अल्पवयीन मुलीसंबंधीचे गंभीर आरोप टिकले नाहीत, पण मुलांच्या नजरेस पडतील अशा रीतीने नग्नचित्रं ठेवल्याबद्दल शिक्षा झाली. एकूण 24 दिवस तो कोठडीत होता आणि तिथे त्याने तारीख घातलेली रेखाटनं केली. ती मुख्यतः व्हिएन्नाच्या आल्बर्टिनामध्ये आहेत. रेषा मनाचा आरसा असेल तर इथली रेषा सगळ्यात विस्कटलेली हवी. काही स्वचित्रांत ती तशी आहेही. पण त्याच दिवसांत त्याने कोठडीबाहेरचा बोळ काढलाय, झाडू आणि बादल्यांसकट, आणि तिथली रेषा बरीच नीटनेटकी, वस्तूंचा हिशेब ठेवणारी आहे. दुसऱ्या एका कागदावर खुर्ची आणि सुरई आहे, आणि त्या निर्जीव वस्तूंची रेषा शरीरासारखी वळवळते. म्हणजे माणूस एक, महिना एक, कोठडी एक, आणि रेषा तीन तऱ्हेची. फरक पडतो तो काय काढायचं आणि कशासाठी, यामुळे.

इथे साधनांचाही एक धडा आहे. 1922 मध्ये आर्थर रोसलर या समीक्षकाने शीलेची तुरुंगातली रोजनिशी म्हणून एक पुस्तक छापलं. पुढे कितीतरी जणांनी त्या मजकुराच्या आधाराने रेषांचा अर्थ लावला. आज अभ्यासक तो मजकूर मुख्यतः रोसलरच्याच लेखणीतला मानतात. उलट 1963 मध्ये अलेसांड्रा कोमिनी ही संशोधक नॉयलेंगबाखला गेली, ती कोठडी शोधून काढली, आणि शीलेने रेखाटनात दाखवलेली दारावर कोरलेली आद्याक्षरं तिला प्रत्यक्ष दारावर सापडली. 'आतला आवाज' म्हणून वाचला गेलेला मजकूर पोकळ निघाला, आणि 'विस्कटलेल्या मनाची' म्हटलेली रेषा दारावरच्या ओरखड्यापर्यंत अचूक निघाली.

तिसरं, शेवटची दोन वर्षं. 1917-18 म्हणजे महायुद्ध, शीले लष्करी सेवेत, व्हिएन्नात टंचाई. आयुष्याशी जुळवायचं तर रेषा आणखी तुटायला हवी होती. प्रत्यक्षात ती गोल, सलग, भरीव होते. काळ्या खडूची एकच बाह्यरेषा खांद्यावरून कमरेपर्यंत जाते आणि आत जवळपास काहीच न भरता शरीराला वजन देते. हे हाताच्या सरावाचं आणि बदललेल्या प्रश्नाचं काम आहे. काळ वाईट होता म्हणून रेषा वाईट अवस्थेत नव्हती.

यातून काय सुटतं

हाताची पद्धत तपासली की सगळं कळलं, असं मात्र नाही. 'रेषेत चित्रकाराचं मन दिसतं' या वाक्यात दुसरा माणूसच नाही. समोर बसलेली व्यक्ती कोण, तिला काय मोबदला मिळाला, तिचं वय काय, नाही म्हणायची तिला सोय होती का? शीलेच्या खटल्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता, आणि ब्रुकेच्या मॉडेलमध्येही लहान मुली होत्या. रेषेला आत्मचरित्र मानलं की हे प्रश्न चौकटीबाहेर जातात. पोझ किती वेळची होती, कुठून बघितलं, आधार का गाळला, असं विचारायला लागलं की मॉडेल पुन्हा खोलीत येते.

व्हिएन्ना ते मुंबई: मोहाची रेघ

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना इथे एक मोह होतो. 1930च्या दशकाच्या अखेरीस नाझींमुळे देश सोडलेले वॉल्टर लँगहॅमर व्हिएन्नाहून मुंबईत आले आणि टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक झाले. व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेसिंगर मुंबईत संग्राहक झाले. जर्मनीहून आलेले रुडी फॉन लायडन कलासमीक्षा लिहीत. 1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला या तिघांचा मोठा आधार होता. त्या ग्रुपमध्ये साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा होते, आणि त्यांची रेषा काळी, काटेरी, चेहऱ्यावर रेघोट्यांची जाळी विणणारी. मग शीले, लँगहॅमर, सूझा अशी सरळ रेघ ओढायची का?

ओढू नका, निदान लगेच तरी नको. ओळखीपाळखी हा पुरावा आहे, पण तो पुस्तकं आणि चित्रं हाती येण्याच्या शक्यतेचा. रेषेच्या वंशावळीचा नाही. सूझांच्या मागे गोव्यातल्या चर्चमधल्या हुतात्म्यांच्या प्रतिमा आहेत, भारतीय शिल्प आहे, पिकासो आणि रूओ आहेत. शिवाय करण्याची पद्धत बघा. शीलेची रेषा बाह्यरेषेत ताण धरते आणि आतला भाग मोकळा सोडते. सूझांच्या शाईच्या अनेक डोक्यांत आतला भागच रेघांनी भरून येतो. दोघांनाही 'अभिव्यक्तिशील' म्हटलं की हा फरक नाहीसा होतो, आणि संशोधनाला तर नेमका तोच हवा असतो.

तुमच्या प्रस्तावासाठी

तेव्हा ते वाक्य प्रस्तावात ठेवायचं असेल तर ठेवा, पण त्याच्या खाली काम लिहा. साधन कोणतं, कागद कोणता. रेषा कुठे उचलली, कुठे पुन्हा टेकवली. खोडलंय का. रंग आधी की नंतर. पोझ किती वेळची असावी. काय गाळलंय. चित्रकाराबद्दलची माहिती कोणाकडून येते आणि त्या माणसाचा त्यात काय स्वार्थ आहे. शक्य असेल तिथे मूळ कागद बघा, कारण छापील प्रतीत पेन्सिलीचा दाब आणि कागदाचा पोत सपाट होतो. यातल्या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी 'अभिव्यक्तिशील' हा शब्द निष्कर्षाच्या जागी येऊ शकतो. गृहीतकाच्या जागी तो बसला की प्रकरण पहिल्याच पानावर संपतं.

आणि हे करताना मन कोरडं ठेवावं लागत नाही. शीलेने शेवटी शेवटी काढलेलं एक रेखाटन आहे. त्याची बायको एडिथ सहा महिन्यांची गरोदर होती आणि 28 ऑक्टोबर 1918 रोजी फ्लूने गेली. तिच्या शेवटच्या तासांत त्याने काळ्या खडूने तिचा चेहरा काढला. तीन दिवसांनी तो स्वतः गेला. हे माहीत असताना त्या चित्राकडे शांतपणे बघणं कठीण आहे. तरीही एकदा खालची ओळ झाकून फक्त रेषा बघा. हात तोच आहे, गेली दोन वर्षं सराव केलेला, गोलाई जपणारा. उशीवर टेकलेलं डोकं, त्याचं वजन, अर्धे मिटत आलेले डोळे तो लक्ष देऊन टिपतो. त्याला काय वाटत होतं हे रेषा सांगत नाही. तो शेवटपर्यंत तिच्याकडे बघत होता, एवढं मात्र ती सांगते.